वीज आली की आपोआप सुरू होणारा भिंतीवरचा संगणक : पार्श्वभूमी

मॉनिटरच्या पडद्याच्या पाठीमागे किंवा भिंतीवरच्या पेटीत स्क्रूने पक्का बसवलेल्या सिंगल-बोर्ड (म्हणजे एकाच सर्किट बोर्डावर मावणाऱ्या) संगणकाकडून एकच किमान अपेक्षा असते : वीज गेली आणि परत आली, तर कोणी हात न लावता तो सुरू झाला पाहिजे. ही अपेक्षा आज एखाद्या खास सुविधेसारखी मांडली जाते. मात्र सुरुवातीच्या घरगुती संगणकांत दुसरे काही शक्यच नव्हते, कारण त्यांचा स्विच थेट वीजपुरवठाच तोडत किंवा जोडत असे.

हा सरळ संबंध १९९५ मध्ये आलेल्या एटीएक्स या मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याच्या रचनेने सैल केला. तिच्यात बटण वीज तोडत नाही, ते मदरबोर्डाला केवळ इशारा देते, आणि संगणक बंद असतानाही पाच व्होल्टची एक स्टँडबाय (राखीव) वाहिनी जिवंत राहते. पुढच्याच वर्षी आलेल्या एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकाने प्लग काढलेली अवस्था आणि आज्ञेने बंद केलेली अवस्था यांना वेगवेगळी नावे दिली. वीज परतल्यावर काय करायचे, हा निर्णय त्यामुळे बायोसमधल्या (मदरबोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममधल्या) एका पर्यायावर येऊन पडला : बंद राहा, सुरू व्हा, किंवा वीज गेली तेव्हा होता त्या स्थितीत जा. अनेक मदरबोर्डांवर हा पर्याय मुळात ‘बंद राहा’वर ठेवलेला असे, आणि दुकानातला किंवा कारखान्यातला पडदा वीज आल्यानंतरही काळाच राहिला की त्यामागे बहुधा हेच कारण निघे.

२०१२ च्या फेब्रुवारीत विक्रीला आलेल्या पहिल्या रास्पबेरी पाय या सिंगल-बोर्ड संगणकाने हा सगळा गुंता टाळला. त्यावर चालू-बंदचे बटणच नव्हते. अडॅप्टर लावला की बोर्ड सुरू. बटण नाही म्हणून त्या काळी तक्रारी पुष्कळ झाल्या आणि त्यांत तथ्यही होते, कारण वायर उपटून बंद करण्याच्या सवयीने एसडी कार्डे खराब होत. परंतु माहितीफलक, हजेरीची यंत्रे आणि घरातले नियंत्रण-पडदे यांसाठी हा बोर्ड इतका सोयीचा ठरला, त्याला ती उणीवच मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती.

खरी अडचण वीज येण्याची नसून ‘अर्धवट जाण्याची’ आहे, आणि ती आजही नीट समजून घेतली जात नाही. बोर्डाला बॅटरीची पाटी, म्हणजे वीज गेल्यावर त्याला चालू ठेवणारा बॅटरीचा जोडबोर्ड, लावलेली आहे असे समजा. वीज जाते, बॅटरी उतरत जाते आणि ठरलेल्या पातळीवर बोर्ड स्वतःला शिस्तीत बंद करून घेतो. नेमक्या त्याच सुमारास, बॅटरी पूर्ण संपण्याआधी, वीज परत येते. बोर्डाच्या दृष्टीने पाच व्होल्टचा पुरवठा एक क्षणभरही तुटलेला नसतो. त्यामुळे जागे होण्यासारखे काही घडलेलेच नसते आणि भिंतीवरचा पडदा दिवसभर काळा राहतो. बोर्ड बंद झाल्यानंतर ठरावीक वेळाने त्याचा पुरवठाही तोडणारी बॅटरी व्यवस्था हा पेच सोडवते, पण स्वस्त पाट्यांत ती सोय असेलच असे नाही. महाराष्ट्रात लोडशेडिंगच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले, त्यामुळे आपल्याकडे बॅटरीचा भरवसा गृहीत धरला जातो. इथे मात्र ती बॅटरीच आड येते.

२०२३ च्या रास्पबेरी पाय ५ वर प्रथमच बोर्डाच्या कडेला बटण आले, आणि त्यासोबतच्या एका निर्णयाबद्दल आक्षेपही निघाले. बटण असूनही, वीज मिळताच सुरू होण्याची जुनी वागणूक कायम ठेवली गेली, आणि बायोससारखी ‘आधीच्या स्थितीत जा’ ही स्मृती मूळ मांडणीत दिली गेली नाही. टेबलावर संगणक वापरणाऱ्यांचे म्हणणे असे की रात्री शिस्तीत बंद केलेले यंत्र वीज लुकलुकली म्हणून पहाटे आपोआप सुरू होते, मग बटणाला अर्थ काय? हा आक्षेप समजण्यासारखा आहे. तरीही निर्णय योग्यच होता असे म्हणावे लागते, कारण टेबलावरचे यंत्र पुन्हा बंद करायला माणूस जवळ असतो, तर छताजवळच्या पेटीतले बटण दाबायला शिडी लागते. पुढे बूटलोडरमध्ये (बोर्ड सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) वीज आल्यावरही बटणाची वाट पाहण्याची सेटिंग मिळाली, परंतु ती ज्याला हवी त्याने मुद्दाम लावायची आहे. याच बोर्डावर घड्याळही आले असून बंद होण्यापूर्वी गजर लावून ठेवता येतो. बॅटरीचा वर सांगितलेला पेच त्याने बराचसा सुटतो : वीज परत आलेली असेल तर गजर बोर्डाला उठवतो, आणि बॅटरी पूर्ण संपली असेल तर नंतर येणारी वीजच ते काम करते.

आपोआप सुरू होण्याच्या वाटेत नव्याने आलेला अडथळा पुरवठ्याच्या क्षमतेचा आहे. पाय ५ ला पाच व्होल्ट, पाच अँपिअरचा अडॅप्टर अपेक्षित असतो. तीन अँपिअरचा जुना अडॅप्टर लावून यूएसबी डिस्कवरून बूट करू पाहिले, तर मूळ मांडणीत बोर्ड थांबतो आणि पुढे जायचे असल्यास बटण दाबायला सांगतो. कॉन्फिग फाइलमध्ये यूएसबीच्या कमाल प्रवाहाची एक ओळ घातली की ही अट उठते. मात्र डिस्क आणि बोर्ड मिळून जेवढा प्रवाह ओढतील तेवढा अडॅप्टर खरोखर देऊ शकतो का, ते ती ओळ घालणाऱ्यानेच आधी तपासायचे असते. एसडी कार्डावरून चालणाऱ्या बोर्डांना हा थांबा लागत नाही.