गोळी सुटत नाही म्हणजे व्यसन लागले का? एका जुन्या गोंधळाची पार्श्वभूमी

सुरुवात अॅसिडिटीच्या गोळीपासून करू, कारण तिला कुणी नशेची वस्तू म्हणत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये 120 निरोगी माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतल्या कुणालाही पित्ताचा त्रास नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे रोज 40 मिलीग्रॅम इसोमेप्राझोल दिले, मग न सांगता त्याजागी औषध नसलेल्या गोळ्या सुरू केल्या. पुढच्या चार आठवड्यांत या गटातल्या 44 टक्के लोकांना छातीत जळजळ, आंबट ढेकर असे त्रास झाले. पहिल्या दिवसापासून बिनऔषधी गोळ्याच घेणाऱ्या गटात हे प्रमाण 15 टक्के होते. आम्ल दाबून ठेवले की शरीर ते वाढवण्यासाठी गॅस्ट्रिन हे संप्रेरक जास्त सोडते, आणि गोळी थांबली की साठलेला जोर बाहेर पडतो. म्हणजे ज्यांना पित्त नव्हतेच, त्यांना ते गोळी सोडल्यामुळे झाले.

याला विथड्रॉवल म्हणतात. शरीर औषधाशी जुळवून घेते, औषध अचानक काढले की ती जुळणी उघडी पडते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तीन आठवड्यांहून जास्त काळ चालले असेल तर अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करतात. गोळी एका दिवसात तोडली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. प्रोप्रॅनोलॉल ही बीपीची गोळी एकदम थांबवल्यावर हृदयविकाराच्या रुग्णांना छातीत दुखण्याचे झटके आल्याच्या नोंदी सत्तरच्या दशकापासून आहेत. स्टेरॉइडच्या किंवा बीपीच्या गोळीसाठी कुणी घरातले दागिने विकत नाही.

व्यसनाची खूण वेगळी आहे. ओढ असते, घेण्यावरचा ताबा सुटतो, नोकरी-घर-तब्येत यांचे नुकसान समोर दिसत असूनही घेणे चालूच राहते, आणि दिवसाची सगळी आखणी त्या वस्तूभोवती होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. दारू आणि हेरॉइनमध्ये बहुतेक वेळा असतात. पण एक असली म्हणजे दुसरी असतेच, हे खरे नाही. वैद्यकशास्त्राला हे मान्य करायला साठ-सत्तर वर्षे लागली आणि त्या काळात दोन्ही बाजूंनी चुका झाल्या.

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथे 1935 मध्ये अमली पदार्थांच्या कैदी-रुग्णांसाठी सरकारी रुग्णालय उघडले. त्या काळी व्यसन ओळखायची मुख्य कसोटी होती विथड्रॉवल: औषध तोडा, माणूस थरथरला, ओकला, घामाघूम झाला तर तो व्यसनी. याच ठिकाणी हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी 1950 मध्ये पाच जणांना काही महिने झोपेच्या बार्बिट्युरेट गोळ्या मोठ्या मात्रेत देऊन त्या अचानक बंद केल्या. पाचपैकी चौघांना आकडी आली, चौघांना भास आणि भ्रम झाले. आजच्या नैतिक नियमांत असा प्रयोग बसणारच नाही. पण डॉक्टर सर्रास लिहून देत असलेली झोपेची गोळी तोडल्याने माणूस दगावू शकतो, हे त्यामुळे निर्विवाद झाले. हेरॉइन तोडल्यावरचे हाल भयंकर दिसतात, तरी अन्यथा धडधाकट माणूस त्याने सहसा मरत नाही. बार्बिट्युरेट, बेन्झोडायझेपिन (त्यांच्यानंतर आलेल्या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या) आणि दारू यांच्या बाबतीत मात्र आकडी हाच खरा धोका असतो, म्हणून या गोळ्या ‘उद्यापासून बंद’ असे स्वतःहून ठरवायचे नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने 1957 मध्ये ‘व्यसन’ आणि ‘सवय’ असे दोन कप्पे केले. शरीराचे अवलंबित्व असेल तर व्यसन, नुसती मनाची ओढ असेल तर सवय. ही विभागणी टिकणारी नव्हतीच. 1964 मध्ये समितीने दोन्ही शब्द बाजूला ठेवून ‘अवलंबित्व’ हा एकच शब्द घेतला आणि कॅन्सरमध्ये मॉर्फिन घेणारी आजी आणि गर्दुल्ला एकाच नावाखाली आले.

पुढचा घोळ अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत झाला. 1980 च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘अवलंबित्व’ ठरवायला सहनशीलता (तोच परिणाम मिळायला मात्रा वाढवत न्यावी लागणे) किंवा विथड्रॉवल असणे आवश्यक होते. कोकेनला ठळक शारीरिक विथड्रॉवल नाही असा तेव्हाचा समज, त्यामुळे कोकेनचे ‘अवलंबित्व’ असे निदानच पुस्तिकेत नव्हते. होता फक्त ‘गैरवापर’. त्याच दशकात अमेरिकेत क्रॅक कोकेनने थैमान घातले. 1987 च्या सुधारित आवृत्तीत निकष बदलून ताबा सुटण्यावर भर आला, हे चांगले झाले. नाव मात्र पुन्हा ‘अवलंबित्व’च राहिले. ‘व्यसन’ हा शब्द कलंक लावतो असे काही सदस्यांचे मत होते आणि निर्णय एका मताने झाला, असे पुढे 2006 मध्ये या क्षेत्रातल्याच ज्येष्ठांनी लिहिले. कलंक टाळायला घेतलेल्या शब्दाने उलटाच परिणाम केला. वेदनाशामक नीट, सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्या रुग्णाच्या फाइलवर ‘अवलंबित्व’ लिहिले जायचे आणि पुढचा डॉक्टर ते ‘व्यसनी’ असे वाचायचा. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ही गाठ सुटली: अकरा निकषांपैकी किमान दोन हवेत, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतलेल्या औषधाबाबत सहनशीलता आणि विथड्रॉवल हे दोन निकष मोजायचेच नाहीत.

तोवर लाखो लोकांच्या उशाशी बेन्झोडायझेपिन येऊन बसली होती. हॉफमन-ला रोश कंपनीत लिओ स्टर्नबाक यांनी शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड 1960 मध्ये लिब्रियम नावाने बाजारात आले, 1963 मध्ये व्हॅलियम. बार्बिट्युरेटपेक्षा ही औषधे सुरक्षित होती, ते खरेच आहे. पण 1961 मध्येच लिओ होलिस्टर आणि सहकाऱ्यांनी रोज 300 ते 600 मिलीग्रॅम लिब्रियम घेणाऱ्या अकरा रुग्णांचे औषध अचानक थांबवून पाहिले होते. दहा जणांना नवी लक्षणे झाली, दोघांना आकडी. आकडी आली ती आठवडाभरानंतर, कारण हे औषध शरीरातून फार सावकाश उतरते. पहिले तीन दिवस बरे गेले म्हणून सुटलो, असे मानणाऱ्याला ही तारीख माहीत असलेली बरी.

मात्रा अवाढव्य होती म्हणून असे झाले, असे म्हणत या निष्कर्षांकडे काणाडोळा करता आला. ती पळवाट 1981 मध्ये बंद झाली. लंडनमध्ये पेटुरसन आणि माल्कम लेडर यांनी नेहमीच्याच मात्रेत दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या सोळा जणांचे औषध कमी करत नेऊन थांबवले, आणि सोळाही जणांना कमी-अधिक विथड्रॉवल झाले. यांतल्या कुणी मात्रा वाढवत नेली नव्हती. डॉक्टरने सांगितले तसे ते घेत होते. 1988 मध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नयेत असे बजावले. आपल्याकडे ही मुदत ऐकलेले रुग्ण विरळाच.

न्यूकॅसलमध्ये हेदर अॅश्टन यांनी 1982 ते 1994 या काळात फक्त याच कामाचा दवाखाना चालवला. त्यांची रीत साधी होती. लवकर उतरणाऱ्या गोळीवरून रुग्णाला टप्प्याटप्प्याने डायझेपामवर आणायचे, कारण ते रक्तात बराच काळ टिकते आणि दोन डोसांच्या मध्ये खड्डा पडत नाही. मग मात्रा उतरवायची: 20 मिलीग्रॅमपासून खाली दर एक-दोन आठवड्यांनी 1 ते 2 मिलीग्रॅम, शेवटी शेवटी अर्धा. त्यांच्या तक्त्यानुसार 10 मिलीग्रॅम डायझेपामची बरोबरी साधारण 1 मिलीग्रॅम लोराझेपाम करते, तर अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम अर्ध्या मिलीग्रॅममध्येच करते. ‘फक्त पॉइंट फाइव्हची गोळी आहे हो’ म्हणून ती झटक्यात सोडणारा माणूस प्रत्यक्षात 10 मिलीग्रॅम डायझेपाम तोडत असतो. अमेरिकेच्या 2025 च्या मार्गदर्शिकेत दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के घट सुचवली आहे आणि दोन आठवड्यांत 25 टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असे म्हटले आहे.

नैराश्यावरच्या औषधांचा इतिहास याच चालीचा. इमिप्रामिन तोडल्यावर मळमळ, घाम, बेचैनी होते असे 1959 मध्येच छापून आले होते. नव्वदीत पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन आले तशा तक्रारी वाढल्या. फ्लुओक्सेटिन सावकाश उतरते म्हणून त्याने कमी त्रास व्हायचा, आणि त्याच्या उत्पादक कंपनीला हा फरक बाजारात उपयोगी होता. तिच्या पैशावर डिसेंबर 1996 मध्ये तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिथून ‘डिस्कंटिन्युएशन सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले. विथड्रॉवल म्हटले की व्यसनाचा वास येतो, म्हणून हा सोज्वळ शब्द. ‘ही औषधे व्यसन लावत नाहीत’ हे विधान बरोबरच होते, पण ऐकणाऱ्याच्या मनात ‘म्हणजे सोडताना काही होत नाही’ असे उतरले. मग डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होऊ लागले की रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ‘आजार उलटला’ असे समजून गोळी पुन्हा चालू करत. खरे तर फरक करता येतो. विथड्रॉवल मात्रा कमी केल्यावर बहुधा काही दिवसांत सुरू होते, त्यात मूळ आजारात नसलेली लक्षणे असतात आणि गोळी परत घेतल्यावर दिवस-दोन दिवसांत ती विरतात. नैराश्य उलटायला सहसा आठवडे-महिने लागतात आणि उताराही तितकाच सावकाश पडतो.

किती जणांना त्रास होतो यावर वाद आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, बिनऔषधी गोळी थांबवणाऱ्यांनाही होणारा त्रास वजा केल्यावर, साधारण सहा-सातांत एक असे प्रमाण आले. त्यातले बरेचसे अभ्यास थोडक्या महिन्यांच्या उपचारांवरचे होते, हे लक्षात ठेवलेले बरे. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने ‘लक्षणे सौम्य असतात, आठवडाभरात जातात’ ही आपली ओळ ऑक्टोबर 2019 मध्ये बदलली.

त्याच वर्षी मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी शेवटचा टप्पाच का नडतो ते आकड्यांनी दाखवले. सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधाच्या 20 मिलीग्रॅमने मेंदूतले सेरोटोनिन वाहून नेणारे सुमारे 80 टक्के रेणू अडतात. सुमारे 9 मिलीग्रॅमने 70 टक्के, 5.4 ने 60, 2.3 ने 40, आणि 0.8 नेसुद्धा 20 टक्के. म्हणजे 20 वरून 10 वर येणे ही छोटी पायरी आणि 5 वरून शून्यावर येणे ही थेट गच्चीवरून उडी. निम्मी, मग पाव, मग बंद, ही दवाखान्यातली प्रचलित रीत नेमकी तिथेच फसते. एक दिवसाआड गोळी घेणे तर आणखी वाईट, कारण लवकर उतरणाऱ्या औषधात दर दुसऱ्या दिवशी छोटे विथड्रॉवल घडते.

दुसऱ्या बाजूची चूक मोठी आणि जीवघेणी ठरली. ‘शारीरिक अवलंबित्व म्हणजे व्यसन नव्हे’ हे खरे वाक्य अमेरिकेत ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामके, विकण्यासाठी वापरले गेले. वैद्यकीय नियतकालिकात 1980 मध्ये छापलेले पाच वाक्यांचे एक पत्र रुग्णालयात दाखल रुग्णांपुरते होते. ते ‘व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून वर्षानुवर्षे फिरले. 1989 मध्ये ‘भासमान व्यसन’ ही कल्पना आली: रुग्ण जास्त मागतो कारण वेदना नीट दाबलेली नाही, तेव्हा मात्रा वाढवा. 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइड गोळी बाजारात आली. पुढे मृत्यूंची रांग लागली तेव्हा लंबक उलटा गेला आणि 2016 च्या सरकारी मार्गदर्शिकेनंतर वर्षानुवर्षे स्थिर असलेल्या रुग्णांच्या गोळ्याही झपाट्याने कापल्या गेल्या. एप्रिल 2019 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला की अचानक तोडल्याने तीव्र वेदना, मानसिक हाल आणि आत्महत्या घडत आहेत. 2022 पासून सल्ला असा आहे की वर्षभर किंवा जास्त घेत असलेल्यांची मात्रा महिन्याला 10 टक्के किंवा त्याहून हळू उतरवावी.

भारतात या गोंधळाची किंमत कॅन्सरच्या रुग्णांनी मोजली. 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात औषधी मॉर्फिन इतके आटले की 1997 मध्ये अख्ख्या देशाचा वापर 18 किलोवर आला होता. 2014 च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, डॉक्टर-नातेवाइकांच्या मनातली भीती मात्र अजून आहे.

महाराष्ट्रात या विषयाची भाषा घडली ती दारू आणि गर्दमधून. पुण्यात 1986 मध्ये ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले तेव्हा शहरांत ब्राउन शुगर पसरली होती, आणि गर्द तोडल्यावरच्या विथड्रॉवलला ‘टर्की’ म्हणत. गर्दची टर्की आठ-दहा दिवसांत ओसरते, आणि व्यसनमुक्तीचे खरे काम त्यानंतर सुरू होते. डॉक्टरने लिहिलेली गोळी सोडणाऱ्याचे उलटे: त्याचे विथड्रॉवल महिनोन्‌महिने चालू शकते, पण ते संपले की प्रश्न संपतो, ओढ नसतेच. म्हणून अशा माणसाला झटपट डिटॉक्सला दाखल करणे बहुतेकदा चुकीचे ठरते. स्वतःच मात्रा वाढवत नेणे, दोन-तीन डॉक्टरांकडून एकच गोळी लिहून घेणे, दारूबरोबर घेणे, लपवणे, असे काही असेल तर मात्र व्यसनाचाच विचार करायला हवा. चिठ्ठी डॉक्टरची आहे म्हणून व्यसन लागत नाही, असे नाही.

मार्च 2014 पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल एच-वन या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आहेत. केमिस्टने रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव रजिस्टरात लिहायचे आणि रजिस्टर तीन वर्षे ठेवायचे. पाकिटावरचा लाल चौकटीतला इशारा वैद्यकीय सल्ल्याशिवाय औषध घेण्याबद्दल आहे. थांबवण्याबद्दल त्यात अक्षर नाही.

आपल्या बाजारातली आणखी एक अडचण परदेशी तक्त्यांत सापडत नाही, ती म्हणजे जोडगोळ्या. एस्सिटालोप्राम 10 अधिक क्लोनाझेपाम 0.5, किंवा प्रोप्रॅनोलॉल अधिक अल्प्राझोलाम, एकाच गोळीत. ‘टेन्शनची गोळी’ म्हणून ती वर्षानुवर्षे चालते. ती थांबवली की दोन विथड्रॉवल एकाच वेळी अंगावर येतात, आणि अर्धी केली तर दोन्ही औषधे एकदम निम्मी होतात. म्हणून सोडायचा विचार असेल तर डॉक्टरला पहिली विनंती मात्रा कमी करण्याची नसावी. त्याच मात्रेत दोन वेगळ्या गोळ्या लिहून देण्याची असावी. त्यावर काही आठवडे स्थिर झाल्यावर एका वेळी एकच औषध उतरवायचे, दुसऱ्याला तोवर हात लावायचा नाही. क्लोनाझेपाम 0.5 वरून थेट 0.25 ही पायरीसुद्धा बऱ्याच जणांना झेपत नाही. तेव्हा 0.25 च्या गोळ्या घेऊन दोनऐवजी पावणेदोन असे तुकडे करतात, किंवा 2 आणि 5 मिलीग्रॅममध्ये मिळणाऱ्या डायझेपामवर डॉक्टरच्या हिशेबाने बदलून घेतात.