नदीचा पूर आणि अनुमानाची परंपरा

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत तर्काचे निगमन आणि विगमन असे दोन प्रकार शिकवले जातात. नियमावरून एखाद्या प्रसंगाबद्दल निष्कर्ष काढणं हे निगमन, तर अनेक प्रसंग पाहून नियम बांधणं हे विगमन. ही विभागणी युरोपातून आली. ॲरिस्टॉटलने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात निगमनाची चौकट घालून दिली, १६२० मध्ये फ्रान्सिस बेकनने विगमनाला विज्ञानाची पद्धत म्हणून पुढे आणलं.

भारतीय न्यायदर्शनाची, म्हणजे तर्क आणि ज्ञानाचा विचार करणाऱ्या परंपरेची, वाट वेगळी. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमान तीन प्रकारचं आहे आणि वात्स्यायनाने भाष्यात त्याची उदाहरणं दिली आहेत. ढग दाटले म्हणजे पाऊस येणार, हे पूर्ववत्. नदी फुगली म्हणजे वर पाऊस झाला, हे शेषवत्. सूर्य आधी एका ठिकाणी, मग दुसऱ्या ठिकाणी दिसतो, म्हणजे तो सरकतो, हे सामान्यतोदृष्ट.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो याच सूत्रांमधला आक्षेप. नदी कुणी बांध घातल्यामुळेही फुगेल, मग अनुमानावर भरवसा कसा ठेवायचा? भाष्याचं उत्तर असं की नुसतं वाढलेलं पाणी हा हेतूच, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूणच, नव्हे. प्रवाहाला ओढ हवी, फेस हवा, पानं, फळं, लाकडं वाहत आलेली हवीत. म्हणजे दोष अनुमानाचा नाही, अर्धवट पाहणाऱ्याचा आहे.

पुढची कित्येक शतकं वाद झाला तो व्याप्तीवर, म्हणजे ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हा संबंध पक्का कशावरून, यावर. फक्त प्रत्यक्ष अनुभव मानणाऱ्या चार्वाकांनी तो नाकारला. बौद्ध दिङ्नागाने हेतूला तीन कसोट्या लावल्या. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या विचारवंतांनी, उलट बाजूही तपासली. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो, म्हणून अग्नीवरून धुराचं अनुमान चुकतं. धुराला ओलं सरपण लागतं. ही लपलेली अट म्हणजे ‘उपाधी’. नियम अनुभवातून येतो कसा आणि तो लावायचा कसा, हे दोन्ही प्रश्न इथे एकाच अनुमानात हाताळले गेले. म्हणूनच अनुमान मांडण्याच्या पाच अवयवांत, म्हणजे पायऱ्यांत, नियमासोबत स्वयंपाकघरातल्या चुलीचं उदाहरणही द्यावं लागतं.

चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने या चर्चेला नवी, काटेकोर परिभाषा दिली. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ने ती नवख्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आणली. त्याची यशवंत वासुदेव आठल्ये यांनी सिद्ध केलेली आणि महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबईत निघाली.