वाड्याचा आणि घराण्याचा माग काढायचाय? कुठला अर्ज, कुठल्या कचेरीत

'आमचा वाडा पेशवाईतला' असं पुण्याच्या पेठांमध्ये बरेच जण सांगतात. कागद मागितला की महानगरपालिकेची करपावती पुढे येते. ती पणजोबांच्या नावावरून आजोबांच्या नावावर कधी झाली, हेसुद्धा घरात कोणाला सांगता येत नाही. हे शोधता येतं. फक्त एक गोष्ट आधी लक्षात घ्या. 'आमच्या वाड्याचा इतिहास द्यावा' असा अर्ज कोणतीही कचेरी घेणार नाही. मी असा अर्ज एका कचेरीत दिला होता. टेबलापलीकडच्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, 'इतिहास कुठल्या रजिस्टरला असतो?' तेव्हा राग आला, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सरकारदरबारी इतिहास मिळत नाही, नंबरावर नक्कल मिळते. त्यामुळे आजच्या कागदावरचा नंबर धरून एकेक पायरी मागे जायचं.

पेठेतल्या घरासाठी सुरुवात सिटी सर्व्हेपासून, म्हणजे नगर भूमापन कार्यालयातून. पत्त्यातला आकडा सिटी सर्व्हे नंबर आहे की पालिकेचा जुना घर नंबर, हे आधी करपावती आणि खरेदीखत शेजारी ठेवून ताडून घ्या. इथे चुकलात तर शेजाऱ्याच्या वाड्याचा इतिहास हाती येतो. मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, कोणीही मागू शकतो. वारस असायची अट नाही. अर्जात पेठ, सिटी सर्व्हे नंबर आणि काय हवं ते लिहायचं, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची आणि अर्ज इनवर्ड करून पोच घ्यायची. ऑनलाइन उतारा मिळतो, पण आपल्या कामाला तो अपुरा पडतो. अर्जात स्पष्ट लिहा: 'सुरुवातीपासूनच्या सर्व नोंदींसह मिळकत पत्रिका, चौकशी नोंदवहीचा उतारा आणि मोजणी नकाशा.' खरा ऐवज चौकशी नोंदवहीत असतो. पहिली मोजणी झाली तेव्हा घर कोणाच्या कब्जात होतं, हक्क कशावरून सांगितला, हे तिथे कळतं. पत्रिकेवर नव्या नावापुढे (धा), (प) किंवा भाराची खूण दिसेल. (धा) म्हणजे धारक, (प) म्हणजे पट्टेदार आणि भार म्हणजे मिळकतीवरचा बोजा. कधीकाळी घर गहाण पडलं होतं हे अनेकांना पहिल्यांदा तिथेच समजतं.

पत्रिकेवर 'खरेदीने' अशी नोंद असेल तर पुढचा मुक्काम दुय्यम निबंधकाचा, म्हणजे दस्त नोंदणी कचेरीचा. पुण्यातल्या या कार्यालयांची नावं 'हवेली क्रमांक' अशी असतात. नवखा माणूस हवेली शोधत फिरतो, पण ते तालुक्याचं नाव आहे. तिथे शोधाचा अर्ज करायचा. त्यात मिळकतीचं वर्णन, घेणाऱ्या-देणाऱ्यांची नावं आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शोध हवा ते लिहायचं. शोध फी वर्षांच्या हिशेबाने लागते, म्हणून पत्रिकेवरची तारीख बघून वर्षं कमी करून घ्या. इंडेक्स दोनमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीत, दस्त क्रमांक सापडला की पूर्ण दस्ताची नक्कल मागता येते.

पात्रतेचा प्रश्न येतो तो इथे. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ५७ त्यासाठी वाचून ठेवा. निबंधकाच्या नोंदवह्यांना 'पुस्तक' म्हणतात. स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक १ मध्ये असतात आणि ते फी भरून कोणालाही पाहता येतात. मृत्युपत्रं पुस्तक ३ मध्ये असतात. करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत त्याची नक्कल तिला किंवा तिच्या मुखत्याराला मिळते, पश्चात मात्र कोणत्याही अर्जदाराला मिळते. म्हणून पणजीच्या मृत्युपत्राची नक्कल हवी असेल तर अर्जासोबत तिचा मृत्यूचा दाखला जोडा. पुस्तक ४ मधले किरकोळ दस्त फक्त त्यातल्या पक्षकारांना आणि त्यांच्यातर्फे हक्क सांगणाऱ्यांना मिळतात. भाऊबंदकीतल्या वाटणीच्या याद्या मात्र बऱ्याचदा नोंदवलेल्याच नसतात. त्यासाठी चुलत्यांची ट्रंक उघडायला लावणं हाच मार्ग, आणि त्याचा अर्ज कसा करायचा हे मला अजून जमलेलं नाही.

मूळ गाव मुळशीत किंवा पुरंदरात असेल तर सातबारा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. त्यावरचे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींचे, क्रमांक उतरवून घ्या आणि तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एकेका फेरफाराची नक्कल मागा. वारस कोण, कोणी हक्क सोडला, कूळ कधी लागलं, हे सगळं फेरफारात असतं. मागे जाताना अडतं ते गट नंबरापाशी. १९४७ च्या कायद्याखाली जमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं आणि जुने सर्व्हे नंबर बदलून गट नंबर आले. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात '९(३), ९(४) चा उतारा' मागितला की नव्या-जुन्याचा मेळ लागतो. तिथेच टिपण (मोजणीच्या वेळचा कच्चा नकाशा) आणि फाळणी (पोटहिश्श्यांचा) नकाशा मागा. ओढा, पांद आणि विहीर पूर्वी कुठे होती हे त्यावर दिसतं. इंग्रजांची नव्या धर्तीची मोजणी आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास सुरू झाली, त्यामुळे जुने कागद मिळण्याची आशा ठेवायला हरकत नाही.

माणसांसाठी गाव नमुना १४ मागा, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. शाळेचं जनरल रजिस्टरही उपयोगी पडतं. नाशिक-त्र्यंबकला घराण्याचे तीर्थोपाध्याय असतील तर त्यांच्या वहीत तीन-चार पिढ्या एका पानावर सापडू शकतात, आणि तिथे कोर्ट फी लागत नाही.

त्यापलीकडचं, म्हणजे इनाम, वतन, सनदा, हवं असेल तर पुणे पुरालेखागार, आपलं पेशवे दफ्तर. अभ्यासासाठी प्रवेश मिळतो. अर्जात विषय, कालखंड आणि गाव नेमकं लिहा आणि ओळखपत्र जोडा. विद्यार्थी असाल तर संस्थेचं पत्रही न्या. कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि पेशवाईतला बहुतेक मजकूर मोडीत आहे. मोडी येत नसेल तर आधी वर्ग करा किंवा वाचक सोबत न्या. इनाम असलेल्या घराण्यांनी इनाम कमिशनची प्रकरणं आधी बघावीत. १८५२ च्या कायद्याने इनामदारांना हक्क सिद्ध करावे लागले, आणि त्या धास्तीने लोकांनी वंशावळी दाखल केल्या. त्यांचा तो ताप आज आपल्याला उपयोगी पडतो.

तारीख वाचताना दचकू नका. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे ४, ७०, १०० आणि १०००, अर्थात सुहूर ११७४. सुहूर ही जुन्या कागदांतली अरबी आकड्यांची वर्षगणना. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७३ येतं. वर्ष मृगाला सुरू होत असल्याने पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवा. शक असेल तर ७८, फसली, म्हणजे महसुली वर्ष, असेल तर ५९०.

'कागद सापडत नाही' किंवा 'जीर्ण आहे' असं तोंडी उत्तर आलं तर परत फिरू नका. माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, विषय एकच, मजकूर १५० शब्दांत आणि उत्तराची मुदत ३० दिवस. कचेरी चुकली असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच अर्ज योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. नदीकाठच्या पेठांतल्या घरांचे कागद १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेले असतील, तर 'अभिलेख उपलब्ध नाही' हे लेखी घ्या. त्या पत्राच्या आधारे सिटी सर्व्हे, निबंधक आणि पालिकेचा कर विभाग या तिघांकडे त्याच घराच्या दुसऱ्या नोंदी मागता येतात. घरातली प्रत वाहून गेली तरी कचेरीतली टिकलेली असू शकते.