विद्यार्थी-खेळाडूंची कामगिरी (अमेरिकन विद्यापीठं)

अमेरिकेत विद्यापीठाच्या टीमकडून खेळणारे आणि सोबत डिग्री करणारे ते विद्यार्थी-खेळाडू. त्यांची कामगिरी मैदानावर आणि वर्गात, दोन्हीकडे मोजली जाते, आणि हा हिशोब ठेवणारी सगळ्यात मोठी संस्था म्हणजे १९०६ साली सुरू झालेली एनसीएए (नॅशनल कॉलेजिएट ऍथलेटिक असोसिएशन). तिचे तीन डिव्हिजन आहेत. पहिल्या दोनात खेळासाठी स्कॉलरशिप मिळते, तिसऱ्यात नाही, आणि हार्वर्ड-प्रिन्स्टन वगैरे आयव्ही लीगवाले (जुन्या नामांकित विद्यापीठांचा गट) पहिल्या डिव्हिजनमध्ये असूनही देत नाहीत.

बऱ्याच जणांना वाटतं की ही पोरं नुसती खेळतात, अभ्यास नावालाच. पण अभ्यासात मागे पडलं की खेळणंच बंद होतं. डिव्हिजन १ मध्ये शिरायलाच हायस्कूलचे १६ कोअर कोर्स (इंग्रजी, गणित असे मुख्य विषय) आणि त्यात किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) लागतो, आणि पुढे दुसरं वर्ष संपताना डिग्रीचा ४० टक्के भाग, तिसरं संपताना ६०, चौथं संपताना ८० टक्के झालेला असावा लागतो. सीझनमध्ये प्रॅक्टिसला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, म्हणजे कागदावर, कारण प्रवास, दुखापतीवरचे उपचार आणि "ऐच्छिक" व्यायाम त्यात धरतच नाहीत.

टीमचा अभ्यास मोजायला एपीआर नावाचा आकडा आहे. स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक खेळाडूला दर टर्मला दोन पॉइंट, एक पात्र राहिल्याचा आणि एक कॉलेजात टिकल्याचा, आणि टीमचा आकडा १००० पैकी ९३० च्या खाली गेला तर पोस्टसीझन, म्हणजे सीझननंतरची विजेतेपदाची स्पर्धा, हातची जाते. कनेक्टिकटच्या पुरुष बास्केटबॉल टीमने २०११ ला विजेतेपद मिळवलं, २०१३ ला याच एपीआरमुळे स्पर्धेबाहेर बसली आणि २०१४ ला परत विजेती झाली!

सहा वर्षांत पदवी किती जणांनी घेतली ते जीएसआर (ग्रॅज्युएशन सक्सेस रेट) सांगतो. त्यात दुसऱ्या कॉलेजातून आलेले धरतात आणि पात्र असताना सोडून गेलेले वगळतात, म्हणून तो सरकारी आकड्यापेक्षा सहसा जास्त येतो आणि कॉलेजं अर्थातच तोच छापतात.

माझ्या मते खरी गोम जीपीएत आहे, कारण जीपीए मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) कुठला ते सांगत नाही. लॅब दुपारी, प्रॅक्टिसही दुपारी, मग पोरं वेळापत्रकात बसेल तोच विषय घेतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तर वर्ग न भरताच मार्क देणारे कोर्स कितीतरी वर्षं चालले, २०१४ च्या चौकशीत ३१०० हून जास्त विद्यार्थी त्यात निघाले, त्यातले जवळपास निम्मे खेळाडू, आणि २०१७ मध्ये एनसीएएने शिक्षा न करताच प्रकरण मिटवलं.

दोन्हीकडे चमकणाऱ्यांसाठी पुरस्कार बरेच आहेत, १९५२ पासूनचा अकॅडेमिक ऑल-अमेरिका, अमेरिकन फुटबॉलमधली कॅम्पबेल ट्रॉफी, आणि मला सगळ्यात आवडतो तो एलिट ९०, फायनलला पोचलेल्यांत ज्याचा जीपीए सगळ्यात जास्त त्याला, मॅच हरला तरी.

नावंच घ्यायची तर प्रिन्स्टनचा बिल ब्रॅडली, बास्केटबॉलमध्ये १९६४ चं ऑलिंपिक सुवर्ण, मग ऱ्होड्स स्कॉलर म्हणून (ही ऑक्सफर्डला शिकायची नावाजलेली स्कॉलरशिप) ऑक्सफर्ड, मग एनबीए (व्यावसायिक बास्केटबॉल लीग) आणि शेवटी सिनेटर. फ्लोरिडा स्टेटचा फुटबॉलपटू मायरन रोल याने नोव्हेंबर २००८ मध्ये अलाबामात ऱ्होड्सचा इंटरव्ह्यू दिला, निवड झाली, आणि त्याच संध्याकाळी विमानाने मेरीलँडला जाऊन मॅचही खेळला. पुढे एनएफएल (व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीग) सोडून तो न्यूरोसर्जन झाला. धावपटू गॅबी थॉमसने हार्वर्डमधून न्यूरोबायोलॉजी केलं, नंतर पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये २०० मीटरचं सुवर्ण.

२०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर (जाहिराती वगैरे करून) पैसे कमावता येतात, २०२५ पासून कॉलेजं थेटही देऊ शकतात, आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असेल तर हवं तितक्या वेळा ट्रान्सफर घेता येतं. अडचण एवढीच की नवं कॉलेज जुने सगळे क्रेडिट मोजेलच असं नाही, त्यामुळे दोन-तीनदा कॉलेज बदललेला पोरगा मैदानावर कितीही भारी असला तरी तो ४०-६०-८० च्या नियमात अडकू शकतो.