सरावाचा टूर्निकेट आणि प्रसंगी वापरायचा टूर्निकेट

टूर्निकेट म्हणजे जखमेतून वाहणारं रक्त थांबवायला हाता-पायावर आवळायचा पट्टा. सरावाचा आणि खरा शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच दिसतात. तोच पट्टा, तेच बकल, आवळण्यासाठी पिळायची तीच दांडी. ‘कॅट’ या प्रचलित प्रकारात सरावाचा निळा असतो, खरा काळा किंवा केशरी. हा रंग शोभेसाठी नाही. एकच टूर्निकेट घ्यायचा, त्यावरच हात बसवायचा आणि तोच घडी घालून पुन्हा बॅगेत ठेवायचा, हे मला फार धोक्याचं वाटतं.

कॅट बनवलेलाच असतो एकदा वापरण्यासाठी. दर पिळ्याला दांडीवर ताण येतो, वेल्क्रोत धागे-धूळ अडकून त्याची पकड सुटते. हे नुसतं बघून कळत नाही. कळतं ते मांडीवर पूर्ण जोर लावल्यावर. म्हणून झीज सोसायची ती निळ्याने. खरा मात्र वेष्टनातून काढून, पट्टा बकलमधून ओवून, उन्हापासून लांब ठेवावा.

सरावात खरं शिकायचं असतं ते किती घट्ट आवळायचं हे. जखमेच्या वर, धडाच्या बाजूला ५ ते ८ सेंटीमीटरवर, सांधा टाळून पट्टा बांधतात, हे पटकन लक्षात राहतं. पण दांडीला हात लावण्याआधी पट्टाच गच्च ओढावा लागतो; त्याखाली तीन बोटांची टोकं शिरली तर तो सैल आहे. अर्धवट आवळलेला पट्टा तर नसलेल्यापेक्षा वाईट. शिरा दबतात, धमनी चालूच राहते. रक्त आत येत राहतं, परतीची वाट बंद, आणि जखम जास्तच वाहते. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दंडावर बांधला, तर मनगटाची नाडी लागेनाशी होईपर्यंत आवळावा आणि लगेच सोडावा. दुखतंच. तेवढं दुखतं हे आधी माहीत असलं की खऱ्या जखमीच्या ओरडण्याने हात ढिला पडत नाही.

इथेच सरावाची एक सवय अंगाशी येऊ शकते: आवळला की सोडायचा. प्रत्यक्षात रक्त थांबल्यावर तो आपण सोडायचा नसतो, मधूनमधून सैलही करायचा नसतो; ते दवाखान्यातले डॉक्टर बघतील. म्हणून सरावातही दांडी क्लिपमध्ये अडकवावी, वरच्या पट्टीवर वेळ लिहावी आणि हात बाजूला घ्यावेत. सोडायचं काम लगोलग दुसऱ्याने करावं.