चौपाटीची सफाई तिथी पाहून

मुंबईत सकाळी साफ केलेला किनारा संध्याकाळी पुन्हा कचऱ्याने भरतो, आणि बरेचदा चूक वेळेची असते. इथे दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर. भरतीची वेळ काढायचा जुना ठोकळ हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सव्वानऊला पूर्ण ओहोटी. त्या दिवशी सातला सुरुवात केली तर पाणी उतरत असतं आणि दोन तास निवांत मिळतात. अमावस्या-पौर्णिमेला सकाळी दहाला जमलात, तर पाणी तुमच्याच दिशेने चढत असेल. नेमकी वेळ तक्त्यात पाहून घ्यावी.

सुरुवात वरच्या, कोरड्या रेषेपासून करावी. थर्माकोल, बाटल्या, चपला तिथे अडकतात आणि उधाणाची पुढची भरती त्या उचलून नेते. त्याखाली ओल्या वाळूत अर्धवट गाडलेल्या पिशव्या आणि कापडं असतात. ती ओढली की फाटतात, तुकडे आतच राहतात. आधी भोवतालची वाळू मोकळी करावी, मग वस्तू काढून तिथेच झटकावी. हे झटकणं फार महत्त्वाचं आहे: दहा लिटरच्या बादलीभर ओल्या वाळूचं वजन जवळपास २० किलो भरतं. न झटकता गोण्या भरल्या, तर ट्रकमधून किनाराच निघून जातो. नायलॉनचं जाळं ओढू नये, कापून काढावं. काच बादलीत, सुई चिमट्याने झाकणाच्या जाड डब्यात. डांबराचे गोळे वेगळे ठेवावेत. पायाला लागले तर खाण्याचं तेल चोळून निघतात. समुद्री शेवाळ मात्र राहू द्यावं, छोटे जीव त्यावर जगतात.

सगळ्यात मोठी चूक ढीग घालताना होते. ढीग भरतीरेषेच्या खाली घातला आणि गाडी सहा तासांत आली नाही, तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयाशी गाडीची वेळ आधी ठरवावी, मगच माणसं बोलवावीत.

किनारा यंत्राने सरसकट चाळणंही बरं नव्हे. खेकड्यांची बिळं मोडतात, कासवांची अंडी चिरडू शकतात. वर्सोव्याला २०१८च्या मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं दिसली होती, हे विसरू नये.

पण नुसते स्वयंसेवक पुरणार नाहीत. मिठी नदी माहीमच्या खाडीत जे ओतते, ते नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या लावून आणि त्या जाळ्या वेळेवर उपसूनच अडतं. ही जबाबदारी सरकारची आहे. समुद्रकिनाऱ्यासारख्या नैसर्गिक संपत्तीचं सरकार हे जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कमलनाथ खटल्यात स्पष्ट केलं.

विश्वस्ताने वाटही द्यायला हवी. पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर व्हीलचेअर बऱ्यापैकी चालते. रुतते ती मधल्या कोरड्या पट्ट्यात. तेवढ्यापुरती जाड चटई अंथरली आणि पायऱ्यांशेजारी १:१२ उताराचा रॅम्प केला, म्हणजे अर्ध्या मीटर उंचीला सहा मीटर लांबी, तर आजीही पाण्यापर्यंत पोचते. चटई उधाणाआधी गुंडाळून वर आणावी लागते, नाहीतर तीही वाळूत गाडली जाते.