रिक्तिका

रिक्तिका हे वनस्पतिपेशीत पाणी व त्यात विरघळलेले पदार्थ साठवणारे, एकपदरी पटलाने वेढलेले अंगक आहे. कोवळ्या पेशीत लहान लहान अनेक रिक्तिका असतात. पेशी वाढते तशा त्या एकमेकींत मिसळून मध्यभागी एकच मोठी रिक्तिका तयार होते. पक्व पेशीचा ८० ते ९० टक्के भाग ती व्यापू शकते. केंद्रक, हरितलवके, तंतुकणिका ही मंडळी पेशीभित्तिकेलगतच्या पातळ पेशीद्रवात अंग चोरून राहतात. शालेय आकृतीत मात्र केंद्रक ऐटीत रंगवलेले आणि रिक्तिका कोरी, असा उलटा मान दिसतो.

रिक्तिकेतील द्राव दाट असल्याने परासरणाने (पातळ द्रावाकडून दाट द्रावाकडे पटलातून पाणी झिरपण्याने) पाणी आत येते आणि भित्तिकेवर दाब पडतो. पाने, कोवळे कोंब यांचा ताठपणा याच दाबाचा. पाणी तुटले की रोप मान टाकते.

सांगली जिल्ह्यात तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातील द्राक्षबागांत रिक्तिकेचे काम डोळ्यांनी पाहता येते. मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागले, की गराच्या पेशींतील रिक्तिकांमध्ये ग्लुकोज व फ्रुक्टोज भरू लागते. मॅलिक आम्ल घटते, टार्टारिक आम्ल बरेचसे टिकते. काळ्या वाणांचा रंग म्हणजे सालीच्या पेशींतील रिक्तिकांत साठलेले अँथोसायनिन हे रंगद्रव्य. अशा गोडी भरलेल्या मण्यांवर अवकाळी पाऊस झाला, तर रिक्तिका पाणी ओढतात, साल ताण सोसत नाही आणि मणी तडकतात. बागायतदाराचे वर्ष तिथेच फिरते.

बेदाणा करताना घड पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्याने सालीवरच्या मेणाच्या थराचा अडसर कमी होतो आणि पाणी लवकर बाहेर पडते. सुकताना पेशींची पटले फाटतात, रिक्तिकेतील फिनॉल नावाची संयुगे लवकांतील ऑक्सिडेज या विकराच्या (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या) संपर्कात येतात आणि बेदाणा तपकिरी, काळपट होतो. ताज्या मण्यात हे दोन्ही पदार्थ असतातच. पण पटल त्यांना वेगळे ठेवते. गंधकाची धुरी या विकराला रोखते, म्हणून धुरी दिलेला माल पिवळसर राहतो.

उसाच्या कांड्यांतही सुक्रोज मुख्यतः गराच्या पेशींतील रिक्तिकांत साठते. तोडलेला ऊस फडात किंवा कारखान्याच्या गव्हाणीबाहेर पडून राहिला, तर इन्व्हर्टेज विकर सुक्रोजचे विघटन करते आणि साखर उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, घटतो.